कॅलिफोर्नियात इमिग्रंट लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला स्टेटचं फंडिंग: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

मंडळी, बे एरियात आणि एलएच्या बाजूला आपले बरेच लोक मराठी मंडळाचं काम करतात, कोणी देसी बायकांच्या हेल्पलाइनवर व्हॉलंटियर आहे, कोणी वीकेंडला आजी-आजोबांची सिटिझनशिपची तयारी करून घेतं, आणि हल्ली सारखं विचारलं जातं की स्टेट अशा कामाला ग्रँट देतं म्हणतात, ती आपल्याला मिळेल का. मिळू शकते. पण ग्रँटची जाहिरात आल्यावर जागं होऊन उपयोग नाही, कारण खरी पात्रता त्याच्या दोन-तीन वर्षं आधी तयार करावी लागते, म्हणून हे सगळं आत्ताच वाचून ठेवा.

आधी पैसा कुठून येतो ते बघू. २०१४ मध्ये एकट्या आलेल्या लहान मुलांच्या केसेससाठी कॅलिफोर्नियाने ३० लाख डॉलर ठेवले, आणि २०१५ मध्ये एसबी ७९ या स्टेटच्या कायद्याने बाकीच्या इमिग्रंट लोकांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला, ज्याला लोक ‘वन कॅलिफोर्निया’ म्हणतात. दोन्ही स्टेटच्या सोशल सर्व्हिसेस खात्याकडे, म्हणजे सीडीएसएसकडे आहेत, आणि नियम वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडच्या कलम १३३०० पासून पुढे आहेत. यात डाकाचे (DACA, म्हणजे लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या लोकांना डिपोर्टेशनपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) अर्ज, इतर इमिग्रेशन रिलीफ, सिटिझनशिप, डिपोर्टेशनच्या केसमध्ये बचाव, लोकांपर्यंत माहिती पोचवणं आणि दुसऱ्या संस्थांना ट्रेनिंग देणं एवढं बसतं. केंद्राच्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचा पैसा घेणाऱ्या लीगल एड ऑफिसांना कागदपत्रं नसलेल्या बहुतेक लोकांच्या केसेस घेताच येत नाहीत, म्हणून हा स्टेटचा पैसा एवढा महत्त्वाचा आहे, तो नसता तर त्या माणसासाठी फुकटात उभा राहणारा वकील सापडणं फार अवघड. १९९६ च्या फेडरल कायद्यात अशी सोय आहे की स्टेटने स्वतः वेगळा कायदा करून ठरवलं तर अशा लोकांनाही स्टेटचे फायदे देता येतात, आणि त्याच कायद्यात हेही आहे की नॉनप्रॉफिट चॅरिटीला समोरच्या माणसाचं इमिग्रेशन स्टेटस तपासायची सक्ती नाही. हे आपल्या व्हॉलंटियर लोकांना नक्की सांगा, बरेच जण उगाच घाबरून पासपोर्ट मागत बसतात.

पैसा दरवर्षीच्या बजेटवर अवलंबून असतो, हेही लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये खास अधिवेशनातून इमिग्रंट लोकांच्या लीगल मदतीसाठी जादा अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, पण म्हणून पुढच्या वर्षीही तेवढे येतीलच असं धरून कोणाला परमनंट नोकरीवर घेऊ नका.

आता पात्रता. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे फेडरल टॅक्समधून सूट मिळालेली चॅरिटी पाहिजे. नुसतं सोशल क्लब म्हणून रजिस्टर झालेलं मंडळ चालत नाही, आधी आपलं मंडळ नक्की कुठल्या कलमाखाली आहे ते आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याच्या पत्रावर बघा. कायदेशीर सेवांसाठी त्या प्रकारच्या केसेस हाताळल्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. मुलांच्या कार्यक्रमात तर तीन वर्षांत निदान २५ जणांना रिप्रेझेंट केलेलं असावं लागतं, शिवाय बाहेरच्या वकिलांना ट्रेनिंग दिल्याचा अनुभवही मागतात. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे संस्थेला फेडरल न्याय खात्याचं रेकग्निशन पाहिजे, नाहीतर ती स्टेट बारच्या, म्हणजे वकिलांना परवाना देणाऱ्या स्टेटच्या संस्थेच्या ट्रस्ट फंडातून पैसे घ्यायला पात्र असलेली लीगल एड संस्था पाहिजे.

हे रेकग्निशन म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण आपल्यासारख्या छोट्या संस्थांची गाडी इथेच अडते. अमेरिकेत इमिग्रेशनचा सल्ला वकीलच देऊ शकतो किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला ॲक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह देऊ शकतो, आणि तो फक्त रेकग्निशन मिळालेल्या संस्थेतूनच काम करू शकतो. मंडळातले एखादे काका कितीही हुशार असले, वीस लोकांचे फॉर्म त्यांनी मनापासून भरून दिलेले असले, तरी कुठल्या कॅटेगरीत अर्ज करायचा, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे ते सांगायला लागले की ती बिनपरवाना वकिली होते आणि चुकीची किंमत त्या अर्जदाराला मोजावी लागते. यावर उपाय आहे आणि तो फारसा खर्चिकही नाही. संस्थेसाठी फॉर्म इओआयआर-३१, माणसासाठी इओआयआर-३१ए, दोन्हीला फी नाही. संस्था मुख्यतः कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी काम करते हे दाखवायचं, इमिग्रेशन कायद्याचं ज्ञान, पुस्तकं, अनुभवी वकिलाचा आधार आहे हे दाखवायचं, आणि निदान एका माणसाचा अर्ज सोबत जोडायचा, ज्याचं ट्रेनिंग झालंय आणि वागणूक चांगली आहे. मान्यता दोन तऱ्हेची असते, पार्शल असेल तर फक्त यूएससीआयएससारख्या (ग्रीन कार्ड, सिटिझनशिपचे अर्ज बघणारं ऑफिस) होमलँड सिक्युरिटी खात्याच्या कामांपुरती, फुल असेल तर इमिग्रेशन कोर्टातसुद्धा उभं राहता येतं. नवीन संस्थेला आधी दोन वर्षांचं कंडिशनल रेकग्निशन मिळतं, नंतर ते सहा वर्षांचं होतं, आणि माणसाची मान्यता दर तीन वर्षांनी रिन्यू करायची. माझं मत विचाराल तर सिटिझनशिपच्या कामापासून सुरुवात करा. आपल्या लोकांत त्याची गरज खूप आहे, कारण वय ५० आणि ग्रीन कार्ड मिळून २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि सिव्हिक्सचे, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाचे आणि सरकारचे प्रश्न दुभाषा घेऊन मराठीतून देता येतात, हे कित्येक घरांत माहीतच नसतं.

ज्यांना केसेस घ्यायच्याच नाहीत त्यांनी आउटरीचचा भाग बघावा, म्हणजे माहितीची शिबिरं, आपले हक्क समजावून सांगणं, योग्य वकिलाकडे पाठवणं. तिथे समाजात काम केल्याचा अनुभव जास्त बघतात. मोठ्या लीगल एड संस्थेबरोबर सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून जायची सोय त्या जाहिरातीत असेल तर नवीन संस्थेने तोच रस्ता धरावा, अनुभवही जमतो आणि हिशोबाची शिस्तही लागते.

कागदपत्रांचं बघा. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पब्लिक बेनिफिट कॉर्पोरेशनचे आर्टिकल्स, फी ३० डॉलर, मग ९० दिवसांत स्टेटमेंट ऑफ इन्फॉर्मेशन, २० डॉलर, आणि ते पुढे दर दोन वर्षांनी. ईआयएन, म्हणजे संस्थेचा टॅक्स नंबर, फुकट मिळतो, कोणाला पैसे देऊ नका. टॅक्स सूट मागायचा आयआरएसचा फॉर्म १०२३, ६०० डॉलरला, छोट्या संस्थेचा ईझेड २७५ डॉलरला, पण ईझेडसाठी वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत पाहिजे. आयआरएसचं पत्र आलं की स्टेटच्या टॅक्समधूनही सूट मिळावी म्हणून फ्रँचाइज टॅक्स बोर्डाला फॉर्म ३५००ए, त्याला फी नाही. संस्थेत पहिली देणगी किंवा मालमत्ता आली की ३० दिवसांत ॲटर्नी जनरलच्या चॅरिटी रजिस्ट्रीत नोंदणीचा फॉर्म सीटी-१, फी ५० डॉलर, आणि मग दरवर्षी ती नोंदणी रिन्यू करायचा आरआरएफ-१. हा शेवटचा फॉर्म विसरणाऱ्या संस्था ढिगाने आहेत, आणि विसरला की रजिस्ट्रीत ‘डेलिंक्वंट’ असा शिक्का बसतो, मग देणगीसुद्धा मागता येत नाही, ग्रँट तर लांबच. आयआरएसचा वार्षिक फॉर्म ९९० सलग तीन वर्षं भरला नाही तर टॅक्स सूट आपोआप जाते. बोर्डाचंही तपासा, पगार घेणारे आणि त्यांचे नातेवाईक मिळून बोर्डात ४९ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत, म्हणजे नवरा पगारी डायरेक्टर आणि बोर्डावर बायको नि मेहुणा, असं तीन जणांचं बोर्ड चालणार नाही.

अर्जाच्या जाहिराती कॅलिफोर्निया ग्रँट्स पोर्टलवर येतात, २०२० पासून स्टेटच्या खात्यांना स्पर्धेतून द्यायच्या ग्रँट तिथे टाकणं बंधनकारक आहे, ईमेल अलर्ट लावून ठेवा. अर्जाबरोबर बजेट, कामाचं वर्णन, स्टाफची माहिती, आधीच्या केसेसचे आकडे असं सगळं लागतं, त्यामुळे आजपासूनच केसचा प्रकार, तारीख, निकाल असं एका शीटमध्ये लिहीत चला आणि नावं वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. क्लायंटची कुठली माहिती स्टेटला द्यायची ते करारात नीट वाचा, आणि मदत घ्यायला येणाऱ्या माणसाला तेच शब्द साध्या भाषेत सांगा, त्याचा विश्वास त्यावरच असतो. इन्शुरन्सचे कागद लागतील, केसेस घेत असाल तर मालप्रॅक्टिसचाही (कामातल्या चुकीमुळे दावा झाला तर त्यासाठीचा), आणि पगारी माणूस एक जरी असेल तरी वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावरच्या इजेचा इन्शुरन्स, सक्तीचं आहे. शंका असतील तर जाहिरातीत दिलेल्या मुदतीत लेखी विचारा.

निवड झाली की स्टेटचा फॉर्म एसटीडी २०४ भरायचा, म्हणजे पैसे कोणाला द्यायचे त्याची नोंद, मग करारावर सह्या. स्टेटचे पैसे बऱ्याचदा खर्च केल्यावर परत मिळतात, म्हणून हाताशी दोन-तीन महिन्यांचा खर्च असू द्या. २०२३ च्या एबी ५९० या स्टेटच्या कायद्यामुळे खात्याला ग्रँटच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ देता येते, पण आपण मागितल्याशिवाय ती बहुधा मिळणार नाही, तेव्हा करार होतानाच लेखी मागणी करा आणि ती रक्कम कशाला लागणार त्याचा तक्ता सोबत जोडा.