रिलेचे १४० अँपिअर आणि चार्जरचे ३०

गाडीतच मुक्काम करणाऱ्यांनी फ्रिज, दिवे आणि पंख्यासाठी दुसरी बॅटरी बसवायचे ठरवले की एक प्रश्न हमखास येतो: रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, १४० अँपिअरचा मिळतो, गाडीच्या विजेचे व्होल्टेज बदलून दुसरी बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर मात्र जेमतेम ३० अँपिअरचा आणि वर कितीतरी महाग, मग कमी अँपिअरसाठी जास्त पैसे का मोजायचे? यावर ‘दोन्ही चालतात, बजेट पाहून ठरवा’ असे सांगणाऱ्यांचा आता कंटाळा आला आहे, कारण हे दोन आकडे एकाच गोष्टीचे मोजमाप नाहीत. रिलेच्या आतील संपर्क किती प्रवाह सोसू शकतात हे १४० हा आकडा सांगतो. चार्जर बॅटरीला प्रत्यक्ष किती प्रवाह देईल हे ३० हा आकडा सांगतो. १४० अँपिअरच्या रिलेतून दहाच अँपिअर वाहत असतील, तरी रिले आपले काम चोख बजावतच असतो.

व्होल्टेज ओळखणारा रिले कसा चालतो हे बहुतेकांना ठाऊक असते. इंजिन सुरू होऊन मुख्य बॅटरीचे व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि ते १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो. डायोडचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा, आयसोलेटर बॅटऱ्या वेगळ्या ठेवतो खरा, पण वाटेत अर्ध्या व्होल्टहून अधिक खातो, त्यामुळे त्याचा विचार मी करतच नाही.

खरी गफलत ‘जोडणे’ आणि ‘चार्ज करणे’ यांत होते. दोन टाक्यांमधला कॉक उघडला तर पाणी पातळी सारखी होईपर्यंतच वाहते. पलीकडची टाकी त्याहून वर भरायची असेल तर पंपच लागतो. रिले हा कॉक आहे आणि डीसी-डीसी चार्जर हा पंप. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट बराच वेळ टिकून राहावे लागतात. आता समजा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारे जनित्र, १४.२ व्होल्ट देतो आहे, दुसरी बॅटरी मागच्या डिकीत आहे आणि तिथपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन दहा मीटर भरते. ३० अँपिअर वाहत असताना या वायरीतच व्होल्टचा सुमारे तिसरा हिस्सा जातो. फ्यूज आणि जोडांमध्ये थोडा आणखी. बॅटरीच्या टोकांवर उरतात जेमतेम १३.८. बॅटरी भरत जाते तसा प्रवाह कमी होतो आणि ही तूटही घटते, हे खरे. पण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लागतात आणि तोवर गाडी मुक्कामाला पोहोचून बंद झालेली असते. असे रोज घडले की प्लेटांवर सल्फेट साचून घट्ट होते, क्षमता आटते आणि दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. चार्जर मागे, बॅटरीच्या शेजारी बसवला तर त्याच्याकडे येणारे व्होल्टेज १३ असो वा १२.५, तो ते वाढवून बॅटरीला हवे तेवढेच देतो आणि ती भरत आली की टप्प्याटप्प्याने हात आखडता घेतो. इंजिन चालू असताना मीटरवर १३.८ दिसले म्हणजे बॅटरी भरली, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी निदान गाडी बंद करून काही तासांनी तोच मीटर पुन्हा लावून पाहावा.

नव्या गाड्यांमध्ये याच फरकाने रिले पूर्ण निकामी ठरतो. इंधन वाचवण्यासाठी तिथे अल्टरनेटरचे व्होल्टेज गाडीचा संगणक ठरवतो. मुख्य बॅटरी भरलेली असली की तो ते १२.५ च्या आसपास उतरवतो आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना १५ च्या जवळ नेतो. बिचारा रिले कधी जोडतो, कधी तोडतो. अशा गाडीत चार्जरला इग्निशनची, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येणारी, वेगळी वायर द्यावीच लागते, नाहीतर कमी व्होल्टेज पाहून इंजिन बंद आहे असे समजून तोही झोपी जातो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: रिले नकोच. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि गाडी एका जागी उभी ठेवून इंजिन चालू असेल तर अल्टरनेटरचा मंद फिरणारा पंखा त्याला थंड ठेवू शकत नाही. दुसरी अडचण कमी बोलली जाते. ही बॅटरी बरीच रिकामी होईपर्यंत १३ व्होल्टच्या वरच राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे व्होल्टेज पाहणारा रिले इंजिन बंद झाल्यावरही तोडायचे नावच घेत नाही. सकाळी चावी फिरवली की स्टार्टरला लागणाऱ्या काहीशे अँपिअरचा वाटा या मधल्या वायरीतून वाहू लागतो आणि फ्यूज उडतो.

जुनी, स्थिर व्होल्टेजची गाडी, दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड, दुसरी बॅटरी बॉनेटखालीच आणि रोजचा प्रवास लांबचा असेल, तर रिले खुशाल बसवावा. तिथे चार्जरवरचा खर्च मला उधळपट्टी वाटतो. आकार, वजन, बसवायला लागणारा वेळ यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

चार्जर घेतला तरी ३० हा आकडा पुन्हा एकदा फसवतो, कारण तो बाहेर पडणारा प्रवाह आहे. १४.४ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ४३२ वॅट. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर आत ४८० वॅट जायला हवेत आणि १२.५ व्होल्टला ते साधारण ३८ अँपिअर होतात. येणाऱ्या बाजूला ३० चा फ्यूज लावणारे मग चार्जर खराब निघाल्याची तक्रार करतात. तिथे पत्रकात दिलेला, बहुधा ५० किंवा ६० चा फ्यूज लागतो आणि तेवढा प्रवाह न तापता वाहून नेणारी वायर लागते. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटऱ्या आहेत, म्हणून फ्यूजही दोन हवेत, प्रत्येक बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत.