ठिपक्यांतला त्रिकोण आणि ‘स्क्रीनिंग’ हा शब्द

पडद्यावर ठिपके फिरत असतात. मधूनच त्यांतले काही जुळून त्रिकोण तयार होतो. तो दिसला की बटण दाबायचं. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात 8,623 निरोगी लोकांनी ही चाचणी दिली. पुढे त्यांतल्या 537 जणांना स्मृतिभ्रंश झाला. त्रिकोण टिपायला या लोकांना सरासरीने जास्त वेळ लागला होता. 2024 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘12 वर्षं आधीच ओळख’ असे मथळे आले.

याआधीच्या चाचण्या कागदावरच्या. 1975 च्या 30 गुणांच्या चाचणीत एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला 1 गुण होता. घड्याळ काढायला लावणं त्याहून जुनं. स्मृतिभ्रंशासाठी ते रुळलं 1980 च्या दशकात. आयुष्यात कधी पेन्सिल न धरलेल्या आजीचा पंचकोन चुकला, तर त्यावरून काय ठरवायचं? ठिपक्यांच्या चाचणीत पेन्सिल लागत नाही, हा तिचा खरा गुण आहे.

पण अशा चाचण्या वापरताना सगळा घोळ ‘स्क्रीनिंग’ या शब्दात आहे. स्क्रीनिंग म्हणजे तक्रार नसलेल्यांना सरसकट तपासणं. त्याचे निकष 1968 मध्येच मांडले गेले, आणि आजार सापडल्यावर मान्य उपचार हवा ही त्यातली मुख्य अट. इंग्लंडमध्ये 2012 पासून रुग्णालयात तातडीने दाखल होणाऱ्या 75 वर्षांवरच्यांकडे विस्मरणाची चौकशी होऊ लागली. त्याला स्क्रीनिंग नव्हे, तर ‘केस फाइंडिंग’ म्हणजे रुग्ण हुडकणं म्हटलं गेलं. तक्रार घेऊन न आलेल्या माणसाला हा फरक कसा कळावा? ऑक्टोबर 2014 मध्ये तर प्रत्येक वाढीव निदानामागे फॅमिली डॉक्टरांना 55 पाउंड देण्याची योजना आली. ‘माझ्या निदानाचे डॉक्टरांना पैसे मिळाले का’ ही शंका रुग्णाच्या मनात येणं साहजिक होतं. टीकेची झोड उठली आणि मार्च 2015 अखेर योजना संपली. तेव्हा आजाराची गती रोखणारं औषध नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

हिशेब करून पाहा. 1,000 जणांत 60 रुग्ण आणि चाचणी रुग्ण आणि निरोगी या दोघांनाही ओळखण्यात 90 टक्के अचूक, असं धरू. ती 54 रुग्ण पकडेल आणि 94 निरोगी माणसांनाही धास्ती लावेल. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने 2020 मध्येही लक्षणं नसलेल्या वृद्धांच्या स्क्रीनिंगसाठी पुरावा अपुरा ठरवला.

2023 पासून मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन कमी करणारी औषधं सुरुवातीच्या टप्प्यासाठी मिळू लागली, तशी लवकर ओळखण्याची मागणी पुन्हा वाढली. 2024 मध्येच स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 जोखमींच्या यादीत उपचार न केलेली अधू दृष्टीही आली. त्यामुळे त्रिकोण उशिरा दिसला तर आधी डोळे तपासून घ्यायला हवेत. मोतीबिंदू असेल तर त्यावर शस्त्रक्रिया आहे.