सूप आणि स्ट्यू: एकाच पातेल्यातले दोन वेगळे हिशोब

थंडीत एका पातेल्यात होणारं, गरमागरम, पोटभरीचं काही करायचं म्हटलं की सामान साधारण ठरलेलं असतं. कांदा, गाजर, बटाटा, एखादं कडधान्य किंवा मांस, वर पाणी आणि खाली मंद आच. पाणी जास्त राहिलं तर ते सूप आणि आटलं तर स्ट्यू, असं बहुतेक जण धरून चालतात. सूप पाणचट होणं आणि स्ट्यूमधलं मांस वातड राहणं, या दोन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा याच समजुतीत असतं.

दाटपणावरून ओळखायला गेलं की लगेच घोळ होतो. भोपळा शिजवून घोटलेलं सूप डावातून ओघळायलाही वेळ लावतं, तरी ते सूपच. आणि जगभर दाट स्ट्यू म्हणून ओळखला जाणारा गुलाश त्याच्या मूळच्या हंगेरीत पातळ सूप म्हणून वाढला जातो. तिथला दाट, कमी पाण्यात शिजवलेला प्रकार वेगळा आहे, त्याला प्योरकोल्ट म्हणतात. दोन्हींत मांस, कांदा आणि पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, आहे. पाण्याकडून घ्यायचं काम मात्र निराळं आहे.

खरा फरक तिथेच आहे. सूपमध्ये पाणी हाच पदार्थ असतो आणि बाकी सगळ्यांनी आपली चव त्याला द्यायची असते. स्ट्यूमध्ये फोडी हा पदार्थ असतो. पाण्यानं त्यांना सावकाश उष्णता पोहोचवायची आणि शेवटी त्यांच्या अंगाला लागेल असा रस बनून राहायचं. शंका आली तर मनातल्या मनात पातेलं गाळणीवर ओतून पाहा. खाली उतरलेलं पाणी नुसतं प्यावंसं वाटलं तर ते सूप. गाळणीत उरलेल्या ऐवजावर जेवण होणार असेल तर तो स्ट्यू. घोटलेल्या सूपात गाळण्यासारखं काही उरतच नाही, कारण तिथे भाजीही पाण्यात जमा झालेली असते.

हे एकदा पक्कं झालं की पुढचे निर्णय सोपे होतात. चार माणसांच्या सूपाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. स्ट्यूत पाणी मोजायचंच नाही, फोडींच्या माथ्यापर्यंत येईल इतकं घालायचं, किंबहुना थोडं खालीच ठेवायचं, कारण भाज्या आणि मांस स्वतःचं पाणी सोडतात. झाकण घट्ट असेल तर त्याहूनही कमी. प्रेशर कुकरमध्ये वाफ जवळजवळ बाहेर पडतच नाही, म्हणून पातेल्याच्या अंदाजानं पाणी घातलं की हमखास स्ट्यूचं पातळ पाणी होतं.

फोडींचा आकारही त्याच हिशोबानं ठरतो. चार सेंटीमीटरच्या चौकोनी फोडीचे एक-एक सेंटीमीटरचे तुकडे केले तर चौसष्ट तुकडे होतात आणि पाण्याला लागणारा पृष्ठभाग चौपट होतो. म्हणजे चव बाहेर पडायला वाट चौपट. सूपाला हेच हवं असतं. शिवाय एका चमच्यात रस आणि दोन-तीन तुकडे एकत्र यायला हवेत. स्ट्यूची फोड मात्र तीन-चार सेंटीमीटरची ठेवावी. दोन तास मंद आचेवर राहूनही तिचा आकार टिकला पाहिजे आणि आतली चव आतच राहिली पाहिजे. घाईत असल्यावर फोडी बारीक कराव्याशा वाटतात, पण स्ट्यूत ही घाई महागात पडते. बटाट्याचा लगदा होतो आणि मांसाचा चोथा.

मांस, आच आणि खरवड

मांसाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते. मांस तापलं की साधारण ६० अंश सेल्सियसपासून त्याचे तंतू आकसू लागतात आणि आतलं पाणी पिळून निघतं. त्याच वेळी तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन मात्र अजून घट्ट असतं. ते ७० अंशांच्या पुढे गेल्यावर हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. म्हणजे मधल्या काळात मांस कोरडंही असतं आणि वातडही. तासाभरानं पाहिलं, शिजलं नाही म्हणून आच वाढवली, असं जे होतं ते याच टप्प्यावर. तिथे फक्त थांबायचं असतं. दोन-अडीच तासांनी जिलेटिन तंतूंच्या मधे पसरतं आणि कोरडे झालेले तंतूही तोंडात मऊ, रसाळ लागतात.

म्हणून स्ट्यूला खांदा, मान, नळी असे जास्त वापरलेल्या स्नायूंचे भाग घ्यावेत. त्यांत कोलॅजेन भरपूर असतं. कोंबडीच्या छातीच्या मांसात ते फार थोडं. ते दोन तास शिजवलं तर मऊ करायला काही नसतं, नुसतं वाळत जातं. हेच छातीचं मांस सूपात शेवटी घालून दहा-पंधरा मिनिटांत शिजवलं की छान लागतं. सूपाचा पाया करायचा तर हाडं, पाठीचा सांगाडा, पंख घ्यावेत. त्यांतलं जे काढून घ्यायचं ते पाण्यात आलं की त्यांचं काम संपलं, ती काढून टाकताना वाईट वाटून घेऊ नये.

आच दोन्हीकडे मंदच हवी, पण कारणं वेगळी. पातेल्याच्या कडेला एखादा बुडबुडा अधूनमधून वर यावा, एवढीच. स्ट्यू खदाखदा उकळला की मांस जास्त आकसतं आणि भाज्या एकमेकींवर आपटून फुटतात. सूप खदखदलं तर वर आलेला फेस आणि तवंग पुन्हा पाण्यात मिसळतो आणि नितळ सूप गढूळ होतं. हाडांचं सूप म्हणूनच थंड पाण्यापासून सुरू करतात आणि पहिल्या अर्ध्या तासात वर येणारा फेस पळीनं काढत राहतात.

स्ट्यूची सुरुवात उलट, कोरड्या उष्णतेनं होते. मांस टिपून कोरडं करायचं, तेल चांगलं तापवायचं, आणि फोडी सुट्या सुट्या ठेवून दोन-तीन हप्त्यांत परतायच्या. सगळ्या एकदम टाकल्या की पाणी सुटतं, आणि पाणी असेतो तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. तपकिरी रंग आणि भाजल्याचा खमंगपणा ज्या क्रियेनं येतो तिला साधारण १४० अंश लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. परतल्यानं मांसाची छिद्रं बंद होऊन रस आत राहतो, असं अजूनही सांगितलं जातं. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरली. ती बरोबर नाही, परतलेल्या मांसातूनही पाणी जातंच. परतायचं ते चवीसाठी.

ती चव फोडींपेक्षा जास्त पातेल्याच्या तळाशी असते. मांस काढून घेतल्यावर तळाला जी तपकिरी खरवड दिसते, ती करपलेली समजून घासून टाकू नका. त्यावर कांदा घाला, कांद्याला पाणी सुटेल तसतशी लाकडी उलथन्यानं ती खरवडत राहा. दोन मिनिटांत तळ स्वच्छ होतो आणि कांदा काळसर मधाच्या रंगाचा दिसू लागतो. पुढे रसाला जो रंग आणि जी खोली येते ती इथूनच. खरवड काळीकुट्ट झाली असेल आणि कडवट वास येत असेल तर मात्र पातेलं बदलावं.

भाज्या आणि कडधान्यं

शाकाहारी स्ट्यूत कोलॅजेन नसतं, म्हणून रसाला अंग येण्यासाठी वेगळी सोय लागते. पिठूळ बटाट्याच्या दोन-चार फोडी रसातच चेचायच्या, किंवा शिजलेल्या कडधान्यातली एक पळीभर घोटून परत घालायची. खमंगपणासाठी टोमॅटोची प्युरी कांद्यावर तेल सुटेपर्यंत परतायची आणि अळंबी चांगली तपकिरी करून घ्यायची. अळंबीचं मला फार कौतुक वाटतं. तिच्या पेशींच्या भिंतींत कायटिन असतं आणि ते शिजवल्यानं विरघळत नाही, त्यामुळे तासभर उकळली तरी अळंबी लगदा न होता चावायला काहीतरी देते. बाकी भाज्या त्यांच्या वेळेप्रमाणे घालाव्यात: आधी गाजर, मग बटाटा, मटार आणि पालेभाजी शेवटी. घोटायच्या सूपात ही शिस्त पाळायची गरज नाही. मात्र गरम सूप मिक्सरमध्ये फिरवताना भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरा आणि झाकण जरा उघडं ठेवून वर फडकं धरा. वाफ कोंडली की झाकण उडतं.

आंबट पदार्थांकडे लक्ष हवं. टोमॅटो, लिंबू, वाइन यांच्या आम्लामुळे भाज्यांतलं पेक्टिन, म्हणजे त्यांच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा चिकट पदार्थ, लवकर सैल होत नाही. बटाटा आणि राजमा तासभर शिजवूनही कडक राहण्याचं हे नेहमीचं कारण. आधी शिजू द्यावं, आंबट नंतर. राजमा असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही सोडू नयेच: तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन विषारी असतं. स्लो कुकरच्या कमी तापमानात ते नष्ट होईलच असं नाही.

मिठाचा हिशोबही रसाच्या मुक्कामावर ठरतो. सूप फारसं आटत नाही, तेव्हा मीठ थोडं थोडं सुरुवातीपासून घालून चाखत जाता येतं. स्ट्यू आटतो, पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. म्हणून सुरुवातीला हात आखडता ठेवावा आणि रस आळल्यावर शेवटी बघावं. चव सपाट लागली तर मिठाआधी लिंबाचे चार थेंब घालून पाहावेत, पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

ऊब कोणाची किती

गरम सूपानं अंगात ऊब येते ती उष्णतेच्या मोजमापात फार थोडी असते. ६५ अंशांचं ३०० मिलीलिटर सूप शरीराच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम आठ-नऊ किलोकॅलरी देतं. स्वस्थ बसलेलं शरीर तासाभरात साधारण ७० किलोकॅलरी उष्णता स्वतःच तयार करतं. तरीही बरं वाटतं, कारण वाटीचा चटका हातांना, वाफ चेहऱ्याला आणि घोट घशाला लगेच जाणवतो. सर्दीनं बेजार झालेल्या किंवा बाहेरून गारठून आलेल्या माणसाला आधी सूपच द्यावं.

स्ट्यूची ऊब उशिरा येते आणि जास्त टिकते. प्रथिनं पचवताना शरीर त्यांतल्या २० ते ३० टक्के ऊर्जेची उष्णता करून टाकतं. पिष्टमय पदार्थांत हे प्रमाण ५ ते १० टक्के आणि स्निग्धांत त्याहूनही कमी. मांसाचा किंवा कडधान्याचा वाडगाभर स्ट्यू जेवल्यावर तासाभरानंही अंग गरम लागतं ते यामुळे. दाट रस उशिरा निवतो, कारण त्यात वरखाली प्रवाह सहज होत नाहीत. लहान मुलांना वाढताना वरून कोमट दिसणाऱ्या स्ट्यूची फोड फोडून बघावी, आत ती जीभ भाजण्याइतकी गरम असते.

दुसऱ्या दिवशी स्ट्यू जास्त चांगला लागतो, कारण तोवर चवी मुरतात. पण तो ओट्यावर रात्रभर ठेवून मुरवायचा नाही. मोठं, दाट भरलेलं पातेलं फार सावकाश निवतं. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि ४३ ते ४७ अंशांच्या आसपास ते फार वेगानं वाढतात. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, तीन-चार दिवसांत संपवावा आणि परत गरम करताना मध्यापर्यंत वाफा येऊ द्याव्यात. फ्रिजमध्ये मांसाचा रस गोठून थरथरता झाला तर काळजी नको, ते जिलेटिन आहे, तापवलं की पुन्हा पातळ होईल. सूपात शेवया किंवा भात असेल तर तो वेगळा ठेवावा, नाहीतर सकाळपर्यंत सगळं पाणी पिऊन फुगतो.

उरलेल्या स्ट्यूचं सूप सहज होतं. फोडी बारीक करायच्या, थोड्या चेचायच्या, गरम पाणी किंवा हाडांचा अर्क घालून दहा मिनिटं उकळायचं आणि मीठ पुन्हा बघायचं. सूप आटवून स्ट्यू करायला मात्र जाऊ नये. त्यातल्या तुकड्यांनी आपली चव आधीच पाण्याला देऊन टाकलेली असते, आटवता आटवता मीठ तेवढं वाढतं. तसं सूप फारच उरलं असेल तर त्यात नवीन बटाटा किंवा मसूर शिजवून दुसऱ्या दिवशी जरा दाट सूप म्हणूनच वाढावं.