मुकादमाचा होकार पुरेसा आहे का?

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर परिसरात साखर कारखान्यांच्या आसपास मराठवाड्यातून आलेल्या मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. समजा, एका संशोधक विद्यार्थिनीला या मजूर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास करायचा आहे. ती टोळीच्या मुकादमाला भेटते आणि तो म्हणतो, "आमच्या सगळ्या बाया येतील, मॅडम, काळजी करू नका." रक्ताचे नमुने मिळतात, प्रश्नावल्या भरून होतात, आकडेवारीही नीट जुळते. पण ज्या स्त्रीच्या कुटुंबाने याच मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली आहे, तिला त्याच्यादेखत रक्त देण्यास नकार देता आला असता का, हा प्रश्न विद्यापीठातील कोणत्या विभागाने विचारायचा?

रक्तक्षय डॉक्टरांना कळतो, उचलीचे गणित श्रम-अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला कळते, करार कायद्याच्या प्राध्यापकाला आणि मुक्त संमतीची संकल्पना तत्त्वज्ञाला. प्रश्न मात्र या चौघांच्या मधल्या जागेत आहे, आणि त्या जागेत काम करणारे नीतिशास्त्राचे अध्यापक हा विद्यापीठांमधील तुलनेने नवा वर्ग आहे. अमेरिकेत 1969 साली हेस्टिंग्ज सेंटर आणि 1971 साली जॉर्जटाउन विद्यापीठात केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ एथिक्स स्थापन झाले, तेव्हा तत्त्वज्ञ, धर्मशास्त्रज्ञ, वकील आणि डॉक्टर प्रथमच एका टेबलाभोवती नियमितपणे बसू लागले. पुढच्याच वर्षी टस्कीगी येथील अभ्यास उघडकीस आला. 1932 पासून तेथे सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालू होते. त्यांतील सिफिलिसच्या रुग्णांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नव्हते. त्या प्रकरणाच्या धक्क्यातून निघालेल्या 1979 च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली.

भारतात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे मुकादमाच्या प्रश्नाला थेट उत्तर देतात: समूहाच्या प्रमुखाची परवानगी घ्यावी लागली, तरी ती प्रत्येक व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. नियम स्पष्ट आहे. तो पाळायचा कसा, हे मात्र संशोधनानेच ठरवावे लागते. स्त्रियांशी मुकादमाच्या नजरेआड बोलायचे, कोणी नकार दिला हे त्याला कळू द्यायचे नाही, बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची. पण ती इतकी मोठी असू नये की केवळ पैशांसाठी स्त्री होकार देईल. शिवाय जिचे हिमोग्लोबिन फारच कमी निघेल, ती हंगाम संपताच गावी परतणार आहे, म्हणून तिच्या उपचारांची व्यवस्था अभ्यासाच्या आराखड्यातच असायला हवी.

संमती खरोखर समजून दिली जाते का, हेही मोजता येते. जेम्स फ्लोरी आणि इझिकिएल इमॅन्युएल या अभ्यासकांनी 2004 साली सहभागींची ही समज वाढवण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. चित्रफिती आणि संगणकीय सादरीकरणे यांचा उपयोग बेताचाच दिसला. सहभागी व्यक्तीशी कोणीतरी समोरासमोर बसून अधिक वेळ बोलणे, हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरला. नीतिशास्त्र म्हणजे केवळ उपदेश, असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर पाहावा.

आपल्याकडे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतीचा 2 श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. पाऊल योग्यच आहे. मात्र 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठरवल्यापासून अनेकांच्या लेखी संशोधनातील नीती त्या एका टक्केवारीत मावू लागली आहे. मुकादमाच्या होकारावर उभा असलेला प्रबंध साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निष्कलंक बाहेर पडेल.

कोल्हापुरात याशिवाय एक प्रशासकीय अडचणही आहे. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्रे आणि मूलभूत विज्ञाने शिकवली जातात. येथील वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि कृषी महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे जाते. ऊस, रक्त आणि उचल एकाच कोपीत असतात, पण त्यांचे अभ्यासक तीन विद्यापीठांत विभागलेले आहेत, आणि त्यांना एकत्र आणणाऱ्या संयुक्त अध्यापनाचा तास कोणाच्या कार्यभारात मोजायचा, हे ठरवणे सोपे नाही. त्यातल्या त्यात उपयोगी पडू शकते ती संशोधनाचे प्रस्ताव आधी तपासणारी संस्थात्मक नीतिसमिती. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार तिच्यात 7 ते 15 सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, निम्मे सदस्य तरी बाहेरचे असावे लागतात, आणि वैद्यकीय सदस्यांबरोबर कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा नीतितज्ज्ञ आणि एक सर्वसामान्य नागरिकही लागतो. ही रचना नियमातच असल्याने तिच्यासाठी नवा विभाग काढावा लागत नाही. समितीच्या बैठकांना संशोधक विद्यार्थ्यांना निरीक्षक म्हणून बसू देण्याची आणि गोपनीयतेची हमी घेऊन प्रत्यक्ष प्रस्तावांवरील चर्चा ऐकू देण्याची तेवढी तयारी हवी.