कुंकळ्ळीचा १५८३ चा उठाव : पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या शेणवी घरांत कुलदैवताचा विषय निघाला की मंगेशी, कवळे, फातर्पे ही नावे येतात. महादजी शिंद्यांचे बक्षी, म्हणजे फौजेचे अधिकारी, जिवबादादा केरकर गोव्यातल्या केरीचे. अशी माणसे शिंद्यांच्या चाकरीत इकडे आली, दैवत तिकडेच राहिले. पण देवही मूळ जागी नाहीत, पोर्तुगीजांच्या भीतीने ते हलवावे लागले. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून हलवला, शांतादुर्गा १५६६ मध्ये केळशीहून कवळ्याला. फातर्प्याच्या देवीला तर आजही ‘कुंकळ्ळीकरीण’ म्हणतात.

कुंकळ्ळी दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागातली. १५६७ मध्ये राशोलच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतली अडीचशेहून अधिक देवळे पाडली, जाळली. देऊळ म्हणजे नुसती मूर्ती नव्हे. गावकीची बैठक तिथे, मानपान तिथे आणि देवाच्या नावे जमीन. देऊळ पडले की ती जमीन चर्चकडे जाई. कुंकळ्ळी, असोळणे, वेरोडे, वेळ्ळी, आंबेली या गावांनी सारा देणे थांबवले ते याच संतापातून. उत्तरादाखल फौज आली. सोबतच्या एका पाद्र्याने देवळात गाय मारली. हे लक्षात न घेता पुढचे वाचूच नये, असे मला वाटते.

१५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे ख्रिस्ती धर्मप्रचारक, क्रूस उभारायला आणि चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळीत आले. गावकऱ्यांनी ते पाचही जण मारले आणि सोबतचे स्थानिक ख्रिस्तीही. जेझुइटांचे प्रमुख होते रुदोल्फो आक्वाविवा. तीनच वर्षांपूर्वी, १५८० मध्ये, अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला जाताना ते याच आपल्या ग्वाल्हेरवरून गेले होते. बादशहापुढे ते वाद घालत, तोही ऐकून घेई. साष्टीत मात्र त्यांच्या धर्मामागे कप्तानाची तलवार होती.

सूड भयंकर होता. बोलणी करू म्हणून सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि पंधरांना ठार केले. एकच निसटला. गावांच्या जमिनी जप्त होऊन एका पोर्तुगीज सरदाराला मिळाल्या. चर्चने १८९३ मध्ये त्या पाच जेझुइटांना धन्य घोषित केले. त्यांच्यासोबत पडलेल्या कोकणी ख्रिस्तींची आठवण मात्र फार थोड्यांना आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते.

शिमग्यात कुंकळ्ळीकरीण फातर्प्याहून आपल्या गावी येते. बारा वांगडांची, म्हणजे गावातल्या मूळ कुळांची, बारा छत्रे पुढे असतात, गुलाल उधळतो आणि त्या वाटेवर हिंदूंबरोबर ख्रिस्ती गावकरीही चालतात.