उपकारस्तुती : कृपा आणि पापक्षमेबद्दलची कृतज्ञता

देवाची कृपा व पापांची क्षमा लाभल्याच्या जाणिवेतून ख्रिस्ती माणूस जी स्तुती करतो, जी प्रार्थना करतो आणि जसा वागू लागतो, त्या सगळ्याला मिळून उपकारस्तुती म्हणतात. तारण हे कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळालेले देवाचे दान आहे, ते कर्मांचे फळ नव्हे, असे प्रेषित पौल बायबलमधील इफिसकरांस पत्रात (२:८–९) सांगतो. त्यामुळे कृतज्ञता ही क्षमेची किंमत ठरत नाही. आधी क्षमा, मग आभार, हा क्रम या विषयाचा कणा आहे. लूककृत शुभवर्तमानात (१७:११–१९) दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात आणि आभार मानायला एकटा शमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत अशा लोकांपैकी एक, परततो. येशू उरलेल्या नऊ जणांची विचारपूस करतो, पण त्यांचे बरे होणे काढून घेतल्याचे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

या भावाचे सर्वांत बारकाईचे चित्र लूक ७:३६–५० मध्ये आहे. शिमोन नावाच्या परूशाच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातील माणसाच्या घरी येशू जेवायला बसला असता गावात पापी म्हणून ओळखली जाणारी एक स्त्री येते, आसवांनी त्याचे पाय भिजवते, केसांनी पुसते, त्यांचे मुके घेते आणि सुगंधी तेल लावते. यजमानाने पाय धुवायला साधे पाणीही दिलेले नसते. येशू दोन ऋणकोंचा दाखला देतो : एकाचे ५०० दिनार देणे, दुसऱ्याचे ५०, दोघांचेही माफ. अधिक प्रीती कोण करील? तिने फार प्रीती केली म्हणून क्षमा मिळाली, असा अर्थ काही जण त्यानंतरच्या वाक्यातून काढतात. पण दाखल्यात माफी आधी आणि प्रीती मागाहून आहे, तेव्हा तिची प्रीती हे क्षमेचे कारण नसून तिची खूण होय.

पाचव्या शतकात, माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगले वागू शकतो असे मानणाऱ्या पेलागियसच्या मतांविरुद्ध धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने आग्रहाने मांडले, की देवाकडे वळण्याची इच्छासुद्धा कृपेनेच जागी होते. १६व्या शतकातील धर्मसुधारणेत, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ वेगळे झाले त्या चळवळीत, नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरण्याचा प्रश्न पुन्हा पेटला. लूथरन जागतिक संघ व रोमन कॅथलिक चर्च यांनी १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून कृपेच्या प्राधान्याबद्दल मूलभूत एकमत नोंदवले. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीची, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या प्रोटेस्टंट पुस्तिकेची रचना तर याच विषयावर उभी आहे : माणसाची दुर्दशा, त्याची सुटका, त्याची कृतज्ञता. एकूण १२९ प्रश्नांपैकी ८६ ते १२९ हे कृतज्ञतेखाली येतात, आणि दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना यांचे विवेचनही तिथेच आहे. आज्ञापालन हे तारण मिळवण्याचे साधन नसून मिळालेल्या तारणाबद्दलचे आभार आहेत, हे केवळ प्रकरणांच्या मांडणीतून इतक्या स्पष्टपणे सांगणारी रचना विरळाच.

उपासनेत पापकबुली, क्षमेची घोषणा आणि स्तुती यांची जोडी अनेक पंथांत आढळते. प्रभुभोजनात भाकर व प्याला घेऊन केलेली उपकारस्तुती मध्यवर्ती असते. येशूनेही धरून दिला जाण्याच्या रात्री भाकर घेऊन आधी उपकारस्तुती केली होती. कॅथलिक परंपरेतील प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे पापनिवेदन, पापमुक्तीचे वचन व भरपाईची कृती हे भाग असतात.

वैयक्तिक साधनेसाठी येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नाती लोयोला याने घालून दिलेले दैनंदिन आत्मपरीक्षण उपयुक्त आहे. त्याच्या पाच पायऱ्या अशा : मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, आपली पापे ओळखता यावीत म्हणून कृपेची याचना, विचार, शब्द व कृती या क्रमाने दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना, आणि सुधारणेचा निश्चय. आभाराची पायरी गाळून थेट चुकांवर आले, की परीक्षण स्वतःला कोसण्याकडे झुकते. आभार मोघम असले तरी साधना कोरडी पडते. स्तोत्र १०३ जिवाला उपकार विसरू नको म्हणते आणि लगेच एकेक उपकार मोजू लागते. त्यात पहिला मान पापक्षमेचा आहे.

बिघाड ठरावीक ठिकाणी होतात. लूक १८ मधील परूशी देवाचे आभारच मानतो, पण आपण इतरांसारखे नाही याबद्दल. त्या प्रार्थनेत क्षमा मागणे कुठेच नाही. काही जण कृपेचे ऋण सेवेने वा दानाने फेडू पाहतात, आणि फिटत नाही म्हणून खचतात. याउलट, कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, या प्रश्नाला पौल रोमकरांस पत्रात (६:१–२) ठाम नकार देतो.

सर्वांत गंभीर बिघाड मत्तय १८:२३–३५ मध्ये दिसतो. एका चाकराचे १०,००० तालांत कर्ज माफ होते. एक तालांत सुमारे ६,००० दिनारांचा आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे देणे सुमारे ६ कोटी दिवसांच्या मजुरीएवढे. तोच चाकर बाहेर पडून १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. धनी मग त्याची माफी रद्द करतो. मात्र क्षमा करणे म्हणजे अन्याय झाकणे नव्हे. त्याच अध्यायात (१८:१५–१७) अपराध करणाऱ्या भावाला आधी एकांतात, मग एकदोघांना सोबत घेऊन आणि तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे जाब विचारण्याची रीत सांगितली आहे.