घरी बांधलेली रोडस्टर : सुट्या भागांच्या मोटारीची पार्श्वभूमी

नागपुरात वाडीच्या पुढे अमरावती रस्त्यावर ज्यांचे नेहमी जाणे-येणे असे, त्यांना एक दृश्य परिचयाचे असेल. ट्रकची नुसती चेसी, म्हणजे पुढे इंजिन आणि स्टिअरिंग, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या व चाके, आणि या सांगाड्यावर एखाद्या लाकडी खोक्याची बैठक करून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून ती शेकडो किलोमीटर हाकत आणणारा चालक. कारखान्यातून निघालेली ती अर्धी गाडी बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये जाई आणि तेथील सुतार, वेल्डर व पेंटर तिला पूर्ण रूप देत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने केलेल्या ‘मोटार वाहन’ या संज्ञेच्या व्याख्येत बॉडी न चढवलेल्या चेसीचाही स्वतंत्र उल्लेख आहे. एकाने सांगाडा करायचा आणि दुसऱ्याने गाडी पुरी करायची, ही रीत आपल्याकडे इतकी रुळलेली असताना, घराच्या आवारात बसून स्वतःच्या हाताने दोन आसनांची उघडी मोटार बांधण्याचा छंद मात्र येथे रुजला नाही. तो इंग्लंडमध्ये का रुजला आणि आपल्याकडे का नाही, याचे उत्तर कारागिरांच्या कौशल्यात सापडत नाही. ते कर आणि कायदा यांच्या इतिहासात सापडते.

प्रथम शब्दांविषयी. ‘रोडस्टर’ हा शब्द मूळचा घोड्यांच्या जगातला. लांबच्या प्रवासाला टिकणारा घोडा, असा त्याचा अर्थ होता. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९१६ मध्ये दोन किंवा तीन माणसांची उघडी मोटार अशी त्याची व्याख्या केली आणि तोच अर्थ पुढे टिकला. ‘किट कार’ म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घेणाऱ्यानेच जुळवायची मोटार. सांगाडा आणि बॉडी नवी असते. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक हे भाग बहुधा एखाद्या जुन्या गाडीतून काढलेले असतात. त्या जुन्या गाडीला ‘डोनर’ म्हणतात. नागपुरात ‘गाडीला किट लावले’ असे कोणी म्हणाले तर त्याचा अर्थ गॅसवर चालण्याची सोय केली एवढाच होतो, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण पुढे कायद्याच्या संदर्भात हाच अर्थ पुन्हा येणार आहे.

या छंदाचे मूळ ‘ऑस्टिन सेव्हन’ या छोट्या इंग्रजी मोटारीत आहे. १९२२ ते १९३९ या काळात ती मोठ्या संख्येने बनली. तिचे इंजिन ७४७ सीसीचे, चेसी हलकी आणि बॉडीपासून वेगळी होणारी होती, आणि जुनी झाल्यावर ती अगदी स्वस्तात मिळे. त्यामुळे तरुण मंडळी तिची बॉडी काढून टाकत आणि पत्र्याची वा प्लायवूडची हलकी बॉडी चढवत. अशा गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणत. याच हौशी लोकांचा ‘७५० मोटर क्लब’ १९३९ मध्ये स्थापन झाला. पुढे या क्लबात आलेल्या कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बांधली, तीही आपल्या मैत्रिणीच्या आई-वडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये. ‘लोटस’ या नावाची सुरुवात तेथे झाली.

चॅपमन यांची दृष्टी फक्त वेगाकडे नव्हती. वजन कमी केले की लहान इंजिनही पुरते, हे त्यांनी ओळखले होते. १९५२ च्या सुमारास आलेल्या ‘लोटस मार्क सहा’मध्ये त्यांनी जाड पट्ट्यांच्या शिडीसारख्या चेसीऐवजी बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा वापरला. या रचनेमागचे तत्त्व आपल्याकडे शेडच्या छताच्या कैच्या बनवणारा प्रत्येक फॅब्रिकेटर जाणतो. चार नळ्यांचा चौकोन कोपऱ्यावर जोर दिला की तिरका होतो, पण त्यात एक कर्ण टाकून दोन त्रिकोण केले की तो हलत नाही. मग भार नळीला वाकवत नाही, तिच्या लांबीच्या दिशेने फक्त ओढतो किंवा दाबतो, आणि त्यासाठी पातळ नळीही पुरेशी असते. मार्क सहाचा हा उघडा सांगाडा अवघा २५ किलोच्या आसपास भरत असे. त्यावर रिबिटांनी ठोकलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे त्याला आणखी ताठपणा देत. घरी काम करणाऱ्या माणसासाठी ही रचना फार मोलाची ठरली, कारण तिला ना पत्रा दाबणारे प्रेस लागत होते ना महागडे साचे. नळ्या मापात कापणे, कोनात घासणे आणि सरळ वेल्ड करणे एवढेच कौशल्य लागत होते. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा खेचला जातो, म्हणून तो सपाट पाटावर घट्ट बांधून, आधी सगळीकडे टाके घेऊन आणि मग बाजू बदलत बदलत जोडावा लागतो. घरी बांधलेल्या अनेक सांगाड्यांचे चांगले-वाईट याच एका शिस्तीवर ठरते.

परंतु नुसत्या तंत्राने छंदाचे रूपांतर धंद्यात झाले नसते. ते घडवले करपद्धतीने. ब्रिटनमध्ये १९४० साली ‘पर्चेस टॅक्स’ लागू झाला होता, आणि १९५० च्या दशकात मोटारीवरील त्याचा दर काही काळ घाऊक किमतीच्या ६० टक्क्यांच्याही वर गेला होता. हा कर तयार मोटारीवर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनांची उघडी गाडी आली तेव्हा ती तयार घेतल्यास करासह १,०३६ पौंडांना पडे, आणि संच म्हणून घेतल्यास ५३६ पौंडांना. जवळजवळ निम्मा पैसा वाचत असल्यामुळे पगारदार तरुण शनिवार-रविवारी पाना हाती घेऊ लागला. संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर तो संच करपात्र ठरत असे. त्यावर चॅपमन यांनी गाडी खोलण्याच्या सूचना छापल्या. घेणाऱ्याने त्या शेवटच्या पायरीपासून उलट वाचायच्या. मला या सर्व इतिहासात हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून सरकार, कारखानदार आणि हौशी माणूस या तिघांमधला व्यवहार स्पष्ट दिसतो. घरी गाडी जोडणारा नागरिक कायद्याला मान्य होता, आणि कंपनी त्या मान्यतेच्या आधारावर आपला माल विकत होती.

त्याच सुमारास दुसरी सोय काचतंतूने, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतो त्याने केली. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या आरंभी फायबरच्या बॉडी विकल्या जाऊ लागल्या होत्या आणि १९५३ ची ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ ही मोठ्या कंपनीची गाडीही याच साहित्याची होती. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी ‘मेयर्स मँक्स’ ही वाळूवर धावणारी उघडी गाडी काढली आणि पुढे तिचे फायबरचे टब, म्हणजे बॉडी, ‘फोक्सवॅगन बीटल’च्या आखूड केलेल्या तळावर बसू लागले. फायबरचे काम नागपूरला अनोळखी नाही. येथे कूलरच्या बॉडीपासून पाण्याच्या टाक्यांपर्यंत हे काम चालते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की काचतंतूंना एकत्र धरणारे रेझिन किती लवकर आवळते, हे ते करणाऱ्याला सांगावे लागत नाही. हार्डनर नेहमीच्या मापाने घातला तर ब्रश फिरवून होण्याआधीच माल घट्ट होतो, म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करणे शहाणपणाचे असते. उलट पावसाळ्यातील दमट हवेत पृष्ठभाग चिकट राहण्याची तक्रार येते.

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला, पर्चेस टॅक्स गेला आणि संच घेण्यातला मोठा आर्थिक फायदा संपला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क ‘कॅटरहॅम’ या विक्रेत्या कंपनीकडे दिले. छंद मात्र संपला नाही. कराचे कारण गेल्यावरही लोक गाड्या जोडत राहिले, यावरून पुढे हे आकर्षण कामाचेच झाले होते, असे मानायला जागा आहे. १९९६ मध्ये रॉन चँपियन यांनी जुन्या ‘फोर्ड एस्कॉर्ट’चे भाग घेऊन सेव्हनच्या धर्तीची गाडी पूर्णपणे घरी कशी बांधावी, याचे मापांसह मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यांचा सांगाडा एक इंची चौकोनी नळीचा होता, जी कोणत्याही लोखंडाच्या दुकानात मिळते. या प्रकाराला पुढे ‘लोकॉस्ट’ हे नाव पडले. ब्रिटिश सरकारने १९९८ पासून एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देणारी पद्धत सुरू केली आणि २००९ मध्ये तिचे रूप अधिक कडक केले. ब्रेक, दिवे, सीटबेल्टचे आधारबिंदू, बाहेर आलेल्या धारदार कडा आणि धूर या सर्वांची परीक्षा तेथे होते. ती उत्तीर्ण झाली की घरी बांधलेल्या गाडीलाही नंबर मिळतो. अमेरिकेतही १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘फॅक्टरी फाइव्ह’सारख्या कंपन्यांनी कॅरोल शेल्बी यांच्या १९६२ च्या ‘कोब्रा’सारखी दिसणारी रोडस्टर जुन्या ‘मस्टँग’च्या भागांवर उभी करण्याचे संच विकले.

आता आपल्याकडे येऊ. भारताचा मोटार उद्योग सुट्या भागांच्या पेट्यांतूनच जन्मला. ‘जनरल मोटर्स’ने १९२८ मध्ये मुंबईत परदेशातून आलेले भाग जोडण्याचे काम सुरू केले, फोर्डही त्यामागून आली. ‘महिंद्रा’ने १९४७ मध्ये जीपची सुरुवात केली, तीही जोडणीनेच. १९५३ मध्ये केंद्र सरकारने ठरवले की ज्यांच्याकडे देशात भाग बनवण्याची योजना नाही त्यांनी नुसती जोडणी करत राहू नये, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन कंपन्यांनी आपले काम गुंडाळले. देशी उद्योगाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला की गाडी ‘जोडणे’ हे कमी प्रतीचे काम ठरले, आणि पेटी उघडणारा हात येथे सदैव परवानाधारक कंपनीचाच राहिला, घरातल्या माणसाचा कधीच झाला नाही. त्यानंतरच्या परवाना-राज्यात नवी गाडी मिळायलाच वर्षानुवर्षे थांबावे लागे, तेव्हा चालती गाडी खोलून तिची हौसेची गाडी करण्याचा विचार कोण करणार?

तरीही साहित्य येथे होते. ‘फिअट ११००’ आणि तिचेच पुढचे रूप असलेली ‘पद्मिनी’ यांचे इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि क्षमता १,०८९ सीसी, म्हणजे लोकॉस्टसारख्या गाडीला हवी तशीच मांडणी. ‘अँबेसेडर’ आणि ‘कॉन्टेसा’ यांचीही मांडणी तीच होती. मद्रासला बनणाऱ्या ‘स्टँडर्ड हेरल्ड’ची चेसी बॉडीपासून वेगळी होत असे, आणि याच हेरल्डच्या ब्रिटिश भावंडावर तेथे कितीतरी किट कार उभ्या राहिल्या. आपल्याकडे या गाड्या बहुतांशी टॅक्सी होऊन झिजल्या आणि शेवटी भंगारात गेल्या. कारखान्यात तयार झालेली फायबरची भारतीय रोडस्टर १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली, ती ‘सॅन मोटर्स’ या कंपनीची ‘सॅन स्टॉर्म’. तिचे इंजिन ‘रेनो’चे होते, पण ती तयारच विकली जाई.

घरगुती जोडणीची खरी भारतीय परंपरा हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी दिसते, जेथे लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीपच्या भागांपासून उघड्या जीप तयार होत. आपल्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने दुचाकीचे इंजिन आणि भंगारातले भाग घेऊन मुलासाठी छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्याला नवी ‘बोलेरो’ दिली. त्या वेळी त्यांनी हेही जाहीरपणे म्हटले होते की ही गाडी नियमांत बसत नाही.

तो नियम असा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. इंधन बदलणाऱ्या मान्यताप्राप्त किटला कलम ५२ मध्येच सवलत आहे, आणि म्हणूनच नागपूरच्या बोलण्यात ‘किट’चा तेवढाच अर्थ शिल्लक आहे. नवी गाडी म्हणून नोंदणी करायची, तर १९८९ च्या नियमांप्रमाणे विक्रीचा दाखला नमुना २१ मध्ये आणि रस्तायोग्यतेचा दाखला नमुना २२ मध्ये द्यावा लागतो, आणि त्याआधी नियम १२६ प्रमाणे पुण्याची ‘एआरएआय’ किंवा अहिल्यानगरची ‘व्हीआरडीई’ यांसारख्या संस्थेकडून नमुना-गाडी तपासून घ्यावी लागते. हा खर्च आणि ही प्रक्रिया हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीला धरून आखलेली आहे. एकच गाडी करणारा माणूस त्यात गृहीतच नाही. ट्रकची बॉडी बांधणाऱ्यासाठी मात्र ‘नमुना २२ अ’ आहे: पहिला भाग चेसी करणाऱ्याने भरायचा, दुसरा बॉडी करणाऱ्याने. वाडीच्या शेडमधील कारागिराला कायद्याने ओळखले आहे ते या एका कागदामुळे. सुरक्षिततेचा आग्रह मला पूर्णपणे मान्य आहे, कारण घरच्या वेल्डिंगचा सांगाडा महामार्गावर तुटला तर जीव दुसऱ्याचाही जातो. परंतु एकेका गाडीची कडक तपासणी करून तिला परवानगी देण्याचा मार्ग ब्रिटनने दाखवला आहे आणि आपल्याकडे त्याची तरतूद व्हायला हवी.

हाताने गाडी बांधण्याचे शिक्षण सध्या मुख्यतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मिळते. २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला ‘बाहा’ या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या, आणि नागपूरच्या महाविद्यालयांतील मुलेही कार्यशाळेत नळ्या कापून, सांगाडा जोडून, सस्पेन्शनची गणिते मांडून त्यांसाठी गाड्या तयार करतात. या गाड्या बंदिस्त मैदानावर चालण्यासाठी असतात आणि त्यांना नोंदणी क्रमांक नसतो, त्यामुळे नागपूरहून पिथमपूरला जाताना त्या ट्रकवर चढवाव्या लागतात.